घरपोच सिस्टर देणारा जळगावचा ब्युरो : बीएस्सी म्हणून पाठवलेल्या मुलीचे अकरा दिवस

पाचपैकी एक स्टार देतेय, आणि तोही ब्युरोला नाही, त्यांनी जी मुलगी पाठवली तिच्या मायाळूपणाला. ब्युरोचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. एक तर तक्रार दिलीय आणि ती चालू आहे. दुसरं म्हणजे ब्युरोचं नाव आलं की मागोमाग त्या पोरीचं नाव पण लोक शोधून काढतील, आपल्याकडे अमळनेर चोपडा पारोळा सगळे एकमेकांचे सोयरे, आणि तिचं लग्न व्हायचंय अजून. पण झालं काय ते सगळं लिहितेय कारण घरात आजारी माणूस असलेल्या प्रत्येकाला आज ना उद्या असा फोन करावाच लागतो.

आधी माझं सांगते म्हणजे मी कुठून बोलतेय ते कळेल. मी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केलेली. सरकारी दवाखान्यात ३१ वर्षं नोकरी झाली, बरीच वर्षं अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) आणि शेवटची सहा वर्षं परिसेविका (वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर), आता धुळ्याला असते. माझी माय ७८ वर्षांची, अमळनेरला धाकट्या भावाकडे राहते. बीपी, शुगर दोन्ही जुने. यंदा रामनवमीच्या दुसऱ्या दिवशी तिला झटका आला, डावा हात आणि डावा पाय गेला, बोलणं जड झालं पण कळतं सगळं. धुळ्याला दवाखान्यात बारा दिवस ठेवलं तेव्हा मी रोज जातच होते. घरी सोडलं तेव्हा नाकातून नळी, लघवीची पिशवी, दोन वेळ इन्सुलिन एवढं सगळं बरोबर आलं. आणि नेमकं तेव्हाच माझ्या सुनेचं बाळंतपण निघालं, सिझर झालं, त्यामुळे मला धुळ्यातून हलताच येईना.

भावाचं बी-बियाण्यांचं दुकान, वहिनी एकटी घरात. दवाखान्याबाहेर या ब्युरोचं कार्ड मिळालं होतं, वहिनीने तिथे फोन लावला. रेट असे होते, २४ तास राहायला आया ७५० रुपये रोज, एएनएम (दोन वर्षांचा कोर्स केलेली) ९५०, जीएनएम ११५०, बीएस्सी (नर्सिंगची पदवी घेतलेली) १४००, जेवणखाण आपलं. वहिनीने मला फोन केला, ताई कोणती घेऊ. मी म्हटलं नळी आहे, सुई आहे, निदान जीएनएम तरी घे. ब्युरोवाले म्हणाले जीएनएम आत्ता शिल्लक नाही, बीएस्सी आहे, उद्या सकाळी पोचेल. मी म्हटलं मग बीएस्सी घे, २५० रुपयांकडे बघू नको. बस्स, एवढंच बोलले मी. एवढी वर्षं वॉर्डात काढून मी एकदाही विचारलं नाही की तिचा रजिस्ट्रेशन नंबर काय, आणि हे मला आजही लागून राहिलंय.

पैसे घेतले पंधरा दिवसांचे आगाऊ २१,००० आणि वर डिपॉझिट ५,०००. सकाळी आठला सांगितलं होतं, पावणेआठला मुलगी दारात हजर. ही गोष्ट चांगलीच म्हणायची, खोटं कशाला बोलू.

मुलगी पण चांगली. असेल २४-२५ ची. पहिल्या दिवसापासून मायची वेणीफणी, अंग पुसणं, पाय चेपणं, तोंडात ओल्या फडक्याने पाणी फिरवणं, किळस म्हणून नाही. स्वतः शिरपूरकडची, अहिराणी बोलणारी, त्यामुळे मायला जीव लागला. मी फोनवर विचारलं तर माय जड जिभेने म्हणे, "पोर गुनी शे, तिले काही बोलू नको." मी निश्चिंत झाले.

दहाव्या दिवशी, आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) आदल्या संध्याकाळी, मी माहेरी पोचले. उन्हाने अंग भाजत होतं, लाईट गेलेली, माय खाटेवर आणि ही पोरगी पुठ्ठ्याने वारा घालत बसलेली. बघून बरं वाटलं. मग सवयीने मी चार्टची वही उघडली, आम्हाला ड्युटीवर आल्यावर ओव्हर घेताना आधी वहीच बघायची सवय असते. बीपीच्या रकान्यात सगळीकडे १२०/८०. सकाळ १२०/८०, दुपार १२०/८०, रात्र १२०/८०, नऊ दिवस, सत्तावीस वेळा. ज्या बाईचं बीपी दोन गोळ्या खाऊन पण कधी १४०च्या खाली टिकलं नाही तिचं.

मी काही बोलले नाही, म्हटलं आत्ताच्या वेळचं बीपी बघू या सोबत. तिने पट्टा बांधला, स्टेथो कानाला लावला आणि माझ्या पोटात गोळा आला. स्टेथोची कानात घालायची टोकं थोडी वाकडी असतात, ती पुढे नाकाच्या दिशेला यायला पाहिजेत कारण कानाची नळी तशी जाते. हिने उलटा लावला होता, टोकं मागे. तसा लावला की धड काही ऐकू येत नाही. पहिल्या वर्षाच्या मुलीला पहिल्या आठवड्यात हे सांगतात आणि चुकली तर सिस्टर स्वतःच्या हाताने फिरवून देते. तिने पट्टा फुगवला, सोडला, आणि वहीत लिहिलं १२०/८०. मी नंतर घेतलं तर १६८/९४.

रात्री नळीतून पातळ पेज द्यायची वेळ झाली तर माय सपाट झोपलेली आणि ही सिरिंजचा दट्ट्या दाबून पेज ढकलतेय. मी उठून मायच्या पाठीला दोन उश्या आणि गादीची गुंडाळी लावली, डोकं वर केलं, दट्ट्या काढून घेतला आणि सिरिंज उंच धरून पेज आपोआप उतरू दिली, आणि म्हटलं आता अर्धा तास असंच बसतं ठेवायचं, नाहीतर पेज उलटून फुप्फुसात जाते. ती म्हणाली हो मॅडम माहितीये, घाईत राहून गेलं. कुशीवर वळवलं तर माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग. बोटाने दाबला, पांढरा झाला नाही, तसाच लाल. म्हणजे बेडसोर सुरू झालाय. दोन दोन तासांनी कूस बदलते का विचारलं तर म्हणाली हो मॅडम.

प्रत्येक गोष्टीला हो मॅडम, माहितीये मॅडम. त्या रात्री मी ठरवलं की सण आहे, उद्याचा दिवस जाऊ दे, परवा बोलू. हा एक दिवस मी थांबायला नको होतं.

आखाजीची सकाळ. वहिनी मागच्या अंगणात चुलीवर खापर ठेवून मांडे करत होती, भावाची मुलगी झोक्यावर, घरभर आंब्याचा वास. आठला पोरीने मायला इन्सुलिन दिलं. साडेदहाच्या सुमाराला मी मायजवळ गेले तर कपाळ घामाने डबडबलेलं, उन्हाचा घाम वेगळा आणि हा वेगळा, हात लावला की थंडगार चिकट. ओठ थरथरतायत. म्हणाली, "माले कसंतरी व्हई ऱ्हायनं व." मी ग्लुकोमीटर मागितलं. शुगर ४६.

साखरेचं पाणी करून नळीतून दिलं, पंधरा मिनिटांनी परत बघितली तर ६९, परत दिलं, मग १०२, मग दूध. डॉक्टरांना फोन केला. अर्ध्या तासात माय ठीक झाली पण माझे हात तेव्हा जे कापायला लागले ते दुपारपर्यंत कापत होते. आणि मला कळेना की कालपर्यंत जिची शुगर ३०० च्या आसपास होती, वहीत ग्लुकोमीटरचे आकडे खरे होते कारण ते मशीनवर दिसतात, ३१२, २८८, ३४०, तिची आज एकदम ४६ कशी.

मग मी सुया ठेवायचा स्टीलचा डबा पालथा केला. त्यात दोन तऱ्हेच्या सिरिंजा. केशरी झाकणाच्या वापरलेल्या आणि लाल झाकणाच्या नव्या. आणि सगळं उलगडलं. हे नीट वाचा, कारण हे कोणाच्याही घरात होऊ शकतं.

आपल्याकडे इन्सुलिनची जी साधी बाटली मिळते ती बहुतेक ४० युनिटची, म्हणजे एका एमएलमध्ये ४० युनिट. तिच्यासाठी लाल झाकणाची सिरिंज असते, तिच्यावर ४० पर्यंत रेघा. केशरी झाकणाची सिरिंज असते १०० युनिटवाल्या इन्सुलिनसाठी, तिच्यावर १०० पर्यंत रेघा. मायची बाटली ४० ची. मेडिकलवाल्याने पहिल्यांदा दिल्या केशरी झाकणाच्या. डॉक्टरांनी लिहिलेले १६ युनिट, हिने केशरी सिरिंजवर १६ च्या रेघेपर्यंत भरले. ते प्रत्यक्षात झाले जेमतेम साडेसहा युनिट. साहजिक शुगर वाढली. भावाने डॉक्टरांना फोनवर आकडे सांगितले, डॉक्टरांना वाटलं १६ पुरत नाहीये, त्यांनी २० केले, दोन दिवसांनी २४. केशरी सिरिंजवरचे २४ म्हणजे खरे साडेनऊच. त्यात केशरी सिरिंजा संपल्या, भाचा दुसऱ्या मेडिकलवरून नव्या घेऊन आला, त्या लाल झाकणाच्या, म्हणजे बरोबरच्या. आखाजीच्या सकाळी पहिल्यांदा बरोबर सिरिंजमध्ये २४ भरले आणि मायच्या अंगात पहिल्यांदा खरेखुरे २४ युनिट गेले. आदल्या दिवसाच्या अडीचपट.

मी पोरीला मागच्या खोलीत नेलं. ओरडले नाही. दोन्ही सिरिंजा तिच्या हातात दिल्या आणि विचारलं, बाळा, यात काय फरक आहे. ती बघत राहिली. मग खाली बसली आणि रडायला लागली. म्हणाली, "मावशी, मला सकाळीच वेगळी वाटली होती सिरिंज. रेघा वेगळ्या होत्या. पण विचारू कोणाला? बीएस्सीवाली म्हणून आलेय, मीच विचारलं तर सगळ्यांना कळलं असतं."

या एका वाक्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलेय. पोरगी आंधळी नव्हती, बेफिकीर पण नव्हती. तिला फरक दिसला होता. घरात ३१ वर्षं नोकरी केलेली सिस्टर दहा फुटांवर बसलेली होती. ती नुसती म्हणाली असती की मावशी ही सिरिंज बघा ना जरा, तर माझी माय त्या ४६ पर्यंत गेलीच नसती. पण तिच्या नावापुढे जी पदवी चिकटवली होती त्या पदवीने तिचं तोंड शिवून टाकलं होतं. आम्ही वॉर्डात नव्या मुलींना सगळ्यात आधी हेच शिकवायचो की "सिस्टर, मला हे येत नाही" असं म्हणायला लाजायचं नाही, रात्री तीन वाजता उठवलं तरी चालेल पण विचार. जी खोट्या पदवीवर उभी आहे तिला हे वाक्य म्हणताच येत नाही. म्हणून ज्याला कमी येतं त्याच्यापेक्षा ज्याला कमी येतं आणि जास्त येतं म्हणून सांगितलंय तो माणूस पेशंटसाठी कितीतरी धोक्याचा.

मग तिने सगळं सांगितलं. बारावी आर्ट्स. पुढे एका खासगी क्लासमधून सहा महिन्यांचा नर्सिंग असिस्टंटचा कोर्स. मग एका छोट्या दवाखान्यात दोन वर्षं, तिथे पांढरा कोट घालायला दिला आणि पहिल्याच दिवसापासून सगळे सिस्टर म्हणायला लागले, पगार महिना ६,०००. तिथून या ब्युरोत आली. पहिल्या घरी आया म्हणून पाठवलं, दुसऱ्या घरी एएनएम म्हणून, आणि आमच्याकडे बीएस्सी. दरवेळी फक्त व्हॉट्सॲपवरचं प्रोफाईल बदललं. तिला सांगून ठेवलेलं की घरच्यांनी विचारलं तर बीएस्सी सांगायचं, जास्त विचारलं तर ऑफिसला फोन करायला सांगायचं. आणि आमच्या १४०० मधले तिला मिळत होते ५५०. आया म्हणून गेली तेव्हा पण ५५०, बीएस्सी म्हणून आली तेव्हा पण ५५०. म्हणजे त्या खोट्या पदवीचा एक रुपया तिच्या पदरात पडला नाही, सगळा वरच्या वर गेला.

मग मी वहिनीच्या मोबाईलवरचं ते प्रोफाईल नीट वाचलं, बाळंतपणाच्या गडबडीत मी नुसता फोटो बघितला होता. लिहिलेलं, बीएस्सी नर्सिंग, उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, २०२१, आयसीयू अनुभव चार वर्षे. खान्देशातल्या कुणालाही हे वाचून खरंच वाटणार, विद्यापीठ आपलं जळगावचं, ओळखीचं नाव. पण महाराष्ट्रात बीएस्सी नर्सिंगची पदवी जळगावचं विद्यापीठ देत नाही. नर्सिंग, मेडिकल, आयुर्वेद, फिजिओ हे सगळं १९९८ पासून नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे आहे. अभिमत आणि अशी काही विद्यापीठं स्वतःची पदवी देतात ती सोडली तर आपल्या भागातल्या कोणत्याही कॉलेजची मुलगी असेल तिच्या पदवीवर नाशिकचंच नाव पाहिजे. आणि दुसरं, आपल्या विद्यापीठाचं नाव २०१८ मध्येच कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं, मग २०२१ चं म्हणून नुसतं जुनं नाव कसं? एका ओळीत दोन चुका होत्या आणि मी त्या दहा दिवस उघडल्याच नाहीत.

ब्युरोला फोन केला. आधी म्हणे असं होऊच शकत नाही. मग मी रजिस्ट्रेशन नंबर मागितला तर म्हणे पाठवतो. तिसऱ्या दिवशी सर्टिफिकेटचा फोटो आला, ज्या कोपऱ्यात नाव असतं त्यावर बरोबर कुणाचा तरी अंगठा. मी म्हटलं अंगठा काढून पाठवा. तर म्हणाले, ताई, कागदाला काय करता, मुलीला काम येतं ना, तुमच्या मातोश्री खूश होत्या ना. वर म्हणाले पाहिजे तर बदली सिस्टर देतो, उद्याच.

काम येतं ना, हा जो युक्तिवाद आहे तो मी नोकरीत पण खूप ऐकला. अमेरिकेत २०२३ च्या जानेवारीत मोठं प्रकरण उघडकीला आलं, फ्लोरिडातल्या तीन नर्सिंग शाळांमधून ७,६०० च्या वर खोटे डिप्लोमे विकले गेले होते, २५ जणांवर आरोप ठेवले. ते डिप्लोमे दाखवून लोक लायसन्सच्या परीक्षेला बसले आणि त्यातले बरेच पास पण झाले, कामाला पण लागले. तेव्हा तिकडे पण हीच चर्चा झाली म्हणे की परीक्षा पास झालेत मग अडचण काय. अडचण ही की परीक्षेत पेन चालवायचं असतं. पदवीचा कागद म्हणजे नुसते मार्क नसतात, त्यामागे वॉर्डात काढलेले तास असतात, आणि त्या प्रत्येक तासाला मागे कोणीतरी उभं असतं जे तुमचा हात धरून सिरिंज बदलून देतं.

आणि हे फक्त ब्युरोतच होतं असं पण नाही हां. चांगल्या शिकलेल्या मुली पण घसरतात. माझ्या हाताखाली एक जीएनएम मुलगी होती, फार हुशार, कामाला वाघीण. तिने पोस्ट बेसिकला, म्हणजे जीएनएमनंतर करायच्या बीएस्सीला, ॲडमिशन घेतली, पहिलं वर्ष चालू असतानाच एका अर्जात पोस्ट बेसिक बीएस्सी पूर्ण असं लिहून टाकलं. तिला वाटलं निकाल लागेपर्यंत होऊनच जाईल की. कागदपत्र पडताळणीत सापडलं आणि बाद. वाईट याचं वाटलं की ती जागा जीएनएमला पण होती! खरं लिहिलं असतं तर लागली असती. शिकतेय आणि शिकले यात तिला फार अंतर वाटलं नाही. पण मी तिला पूर्ण दोष देऊ शकत नाही, कारण आम्हा जीएनएमवाल्यांना किती ठिकाणी खालचं समजतात ते मी भोगलंय. खासगी हॉस्पिटलच्या जाहिराती बघा, बीएस्सी पाहिजे, बीएस्सीला प्राधान्य. एएनएमला तर कोणी सिस्टर म्हणायला पण तयार नसतं आणि गावोगावच्या उपकेंद्रांवर आपली बाळंतपणं आणि लसी त्यांनीच केल्यात. प्रत्येक पायरीला मान दिला असता तर कुणाला खोटी पायरी चढावी लागली नसती असं मला मनापासून वाटतं. तरी पण खोटं लिहिणं हे खोटंच, आणि आमच्या कामात ते पेशंटच्या अंगावर निघतं.

आता तुम्ही कोणी सिस्टर लावत असाल तर माझं एवढं ऐका. आधी पेशंटला काय लागतं ते डॉक्टरांना विचारून घ्या, प्रत्येकाला बीएस्सी लागत नाही, नुसतं वळवणं पुसणं खाऊ घालणं असेल तर चांगली आया पुरते आणि तिला आया म्हणूनच पैसे द्या. नळी, सुई, जखम असेल तर मात्र नोंदणी झालेलीच बाई पाहिजे. एएनएम दोन वर्षांचं, जीएनएम तीन, बीएस्सी चार, सहा महिन्यांत यातलं काहीच होत नाही. एएनएम आणि जीएनएमची परीक्षा आपल्याकडे राज्याचं शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेतं, बीएस्सीची नाशिकचं विद्यापीठ. यातलं काहीही केलेलं असो, मुंबईच्या महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी झाल्याशिवाय काम करता येत नाही आणि ती नोंदणी दर पाच वर्षांनी रिन्यू करावी लागते. म्हणून ते सर्टिफिकेट मूळ बघायचं, नाव आधारशी जुळवायचं, तारीख संपलीय का बघायचं. भारतीय परिचर्या परिषदेने आता नर्सेसना एनयूआयडी, म्हणजे देशपातळीवरचा ओळख नंबर पण दिलाय, तो आहे का विचारा. खरी सिस्टर या विचारण्याने चिडत नाही हो, उलट तिला बरं वाटतं, मी तर कौतुकाने दाखवलं असतं. आणि सर्टिफिकेट बघून झालं तरी पहिल्या दिवशी तिच्यासमोर बसून एकदा बीपी घ्यायला लावा आणि बाटलीवरचा ४० किंवा १०० आकडा आणि सिरिंजचं झाकण दोन्ही स्वतःच्या डोळ्यांनी बघा. डॉक्टरांना फोनवर शुगर सांगताना झाकण कोणत्या रंगाचं ते पण सांगा.

बदली सिस्टर आम्ही घेतली नाही. माझ्या जुन्या मैत्रिणीच्या ओळखीने एक एएनएम बाई मिळाल्या, पारोळ्याच्या, चाळिशीच्या. आल्या आल्या पिशवीतून प्लास्टिकच्या फोल्डरमधलं सर्टिफिकेट काढून माझ्या हातात दिलं, मी मागायच्या आधी. आणि म्हणाल्या, "ताई, मी एएनएम आहे. सुई, बीपी, जखम, कूस बदलणं सगळं करेन. पण नाकातली नळी निघाली तर मी घालणार नाही, तेव्हा दवाखान्यातून कोणाला तरी बोलवायचं." रोज १,००० घेतात. एका रात्री मायची नळी अर्धी निघाली, त्यांनी पेज थांबवली, हात लावला नाही, आणि पहाटे पाचला भावाला उठवलं. मी त्या दिवसापासून धुळ्यात शांत झोपते. माकडहाडाचा डाग पंधरा दिवसांत गेला. वहीत बीपी रोज वेगवेगळं असतं, १५२, १४६, कधी १६०, आणि ते बघून मला समाधान वाटतं.

त्या पोरीला आम्ही पोलिसांत दिलं नाही. भाऊ खूप चिडला होता, मी थांबवलं. जाताना तिला सांगितलं की तुझा हात मायेचा आहे, आया म्हणून जा, ताठ मानेने जा, आणि शिकायचंच असेल तर एएनएमचं ॲडमिशन कसं घेतात ते मी सांगते. माय तिची अजून आठवण काढते.

ब्युरोवर मात्र तक्रार दिलीय. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाईनवर केली, तिथे काही झालं नाही म्हणून आता जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज टाकलाय, पाच लाखांच्या आतल्या प्रकरणाला फी लागत नाही, वकील पण लावला नाही, प्रोफाईलचे स्क्रीनशॉट, वहीची पानं, दोन्ही सिरिंजांचे फोटो आणि तो अंगठ्याचा फोटो जोडला. त्यानंतर दहा दिवसांनी उरलेल्या चार दिवसांचे ५,६०० रुपये भावाच्या खात्यावर आले, काही न बोलता. डिपॉझिटचे ५,००० अजून आलेले नाहीत. त्या कार्डवर अजूनही बीएस्सी सिस्टर घरपोच असंच छापलेलं आहे, गेल्या आठवड्यात मी दवाखान्याबाहेर परत बघितलं.